ज्येष्ठांच्या करवजावटी आणि आयकराचे ई-फायलिंग पोर्टल: काय सोपे, कुठे घोळ होतो

आयकर खात्याच्या ई-फायलिंग पोर्टलचे हे परीक्षण एकाच बाजूने केले आहे. साठी ओलांडलेल्या करदात्याला कायद्याने दिलेली जादा वजावट या पोर्टलवरून, मध्ये एजंट न घेता, नीट घेता येते का? पेन्शन, बँकेतल्या एफडी, पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना आणि आरोग्य विम्याचा हप्ता एवढाच पसारा असेल तर येते. कागद हाताशी असतील तर तासाभरात काम होते आणि पैसेही लागत नाहीत. पण त्याआधी विचारायचा एक प्रश्न आहे, आणि तो पोर्टल आपणहून विचारत नाही: यंदा ही वजावट घेण्यात फायदा आहे का?

आधी वजावट कोणती ते पाहू. २०१८ च्या अर्थसंकल्पात कलम ८०टीटीबी आले. निवासी ज्येष्ठ नागरिकाला बँक, सहकारी बँक आणि पोस्टातल्या ठेवींवर मिळणाऱ्या व्याजातून वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. बचत खाते, एफडी, आरडी, पोस्टाची मासिक प्राप्ती योजना, ज्येष्ठ नागरिक बचत योजना, सगळ्यांचे व्याज यात धरता येते. साठीच्या आतल्यांना कलम ८०टीटीए खाली फक्त बचत खात्याच्या व्याजावर १०,००० मिळतात. ज्येष्ठांना ८०टीटीए लागू नाही, त्यामुळे दोन्ही मिळून ६०,००० घेता येत नाहीत. नवरा-बायको दोघेही साठीपुढचे असतील आणि दोघांच्या ठेवी आपापल्या पैशांच्या असतील, तर प्रत्येकाचे ५०,००० वेगळे.

याच्या जोडीला कलम ८०डी आहे: ज्येष्ठांसाठी आरोग्य विम्याचा हप्ता किंवा विमा नसेल तर प्रत्यक्ष औषधपाण्याचा खर्च, एकूण ५०,००० पर्यंत. कलम ८०डीडीबी खाली ठरावीक गंभीर आजारांच्या उपचारासाठी १,००,००० पर्यंत. जुन्या करप्रणालीत करमुक्त मर्यादाही वयाप्रमाणे वाढते: साठ ते ऐंशी वयाला ३ लाख, ऐंशीपुढे ५ लाख.

हे सगळे फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, आणि पोर्टलवर नवी प्रणाली आधीपासूनच निवडलेली असते.

आधी हिशेब, मग फॉर्म

आर्थिक वर्ष २०२५-२६, म्हणजे करनिर्धारण वर्ष २०२६-२७ साठी नव्या प्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही आणि कलम ८७ए च्या सवलतीमुळे १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर भरायचा कर शून्य होतो. पेन्शनवर ७५,००० ची प्रमाणित वजावट वेगळी. म्हणजे पेन्शन आणि व्याज मिळून पावणेतेरा लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या बहुतेक ज्येष्ठांना ८०टीटीबी लागतच नाही. वजावट न घेताही कर शून्यच येतो.

त्याच्या थोडे वर गेले तरी चित्र फारसे बदलत नाही. सत्तर वर्षांच्या करदात्याची पेन्शन ९,८५,००० आणि व्याज ३,००,००० धरू. नव्या प्रणालीत ७५,००० वजा जाता करपात्र उत्पन्न १२,१०,०००. टप्प्यांप्रमाणे कर ६१,५०० होतो, पण १२ लाखांच्या वरची रक्कम फक्त १०,००० असल्याने सीमांत सवलतीने कर १०,००० वर थांबतो. ४ टक्के उपकर धरून १०,४००. आता हेच जुन्या प्रणालीत मांडा: प्रमाणित वजावट ५०,०००, ८०सी चे (पीपीएफ, आयुर्विमा अशा गुंतवणुकीचे) पूर्ण दीड लाख, ८०टीटीबी चे ५०,०००, ८०डी चे ५०,०००. सगळे वजा करून उरतात ९,८५,००० आणि उपकरासह कर होतो १,११,२८०. तीन लाखांच्या वजावटी घेऊनही एक लाखाने महाग!

मग ही वजावट यंदा कोणाच्या कामाची? दोन प्रकारच्या लोकांच्या. एक, ज्यांच्या वजावटींचा डोंगर खरोखर मोठा आहे: अपंगत्वाची ८०यू, गंभीर आजाराची ८०डीडीबी, घरकर्जाचे व्याज आणि वर ८०सी. पंधरा लाखांच्या आसपास उत्पन्न असेल तर प्रमाणित वजावट धरून या सगळ्याची बेरीज पावणेसहा-सहा लाखांच्या घरात गेल्याशिवाय जुनी प्रणाली परवडत नाही. दुसरे, ज्यांचे नेहमीचे उत्पन्न कमी आहे पण शेअर किंवा म्युच्युअल फंड विकून नफा झाला आहे. ८७ए ची सवलत नव्या प्रणालीत अशा विशेष दराच्या नफ्याला मिळत नाही, आणि "बारा लाखांच्या आत आहोत, कर नाही" असे धरून बसलेले ज्येष्ठ नेमके इथे फसतात.

उदाहरण घ्या. ब्याऐंशी वर्षांच्या आजींना एफडीचे व्याज ३,५०,००० आणि इक्विटी फंडाचा दीर्घकालीन नफा ३,७५,०००. जुन्या प्रणालीत ८०टीटीबी चे ५०,००० आणि औषधपाण्याचे ५०,००० वजा जाऊन व्याज उरते २,५०,०००. पाच लाखांच्या करमुक्त मर्यादेतले अडीच लाख मोकळे राहतात आणि ते नफ्यातून वजा होतात. राहिलेल्या १,२५,००० च्या नफ्यावर तसाही कर नाही. एकूण कर शून्य. नव्या प्रणालीत वजावटी नाहीत, ४ लाखांच्या मर्यादेतले फक्त ५०,००० मोकळे, म्हणून २,००,००० च्या नफ्यावर साडेबारा टक्क्यांनी २५,००० आणि उपकरासह २६,००० कर. दोन ओळींच्या वजावटीने आजींचे सव्वीस हजार वाचतात.

हा हिशेब करण्यासाठी पोर्टलच्या मुखपृष्ठावर 'क्विक लिंक्स' मध्ये 'इन्कम अँड टॅक्स कॅल्क्युलेटर' आहे. लॉगिन लागत नाही. पोर्टलवरची ही सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी वापरली जाणारी सोय. वय आणि वर्ष निवडा, आकडे टाका, दोन्ही प्रणालींतला कर समोर येतो. रिटर्न उघडण्याआधी इथे दहा मिनिटे घालवाच.

वय आणि निवास: इथे चूक झाली की पुढचे सगळे चुकते

ज्येष्ठ म्हणजे त्या आर्थिक वर्षात कोणत्याही दिवशी साठ पूर्ण झालेला निवासी. पोर्टल पॅनवरची जन्मतारीख घेते आणि त्यावरूनच ८०टीटीबी चा रकाना खुला ठेवायचा की बंद ते ठरवते. एक बारीक पण कामाची गोष्ट: ज्यांचा जन्म १ एप्रिलचा, त्यांचे वर्ष आदल्या दिवशी, ३१ मार्चला पूर्ण झाले असे धरले जाते. प्रत्यक्ष कर मंडळाने २०१६ मध्ये परिपत्रक काढून हे स्पष्ट केले आहे. त्यामुळे १ एप्रिल १९६६ ला जन्मलेले २०२५-२६ साठी ज्येष्ठ ठरतात, २ एप्रिलचे ठरत नाहीत. आपल्याकडे शाळेत नाव घालताना १ जून तारीख लावलेल्यांची संख्या मोठी आहे. पॅनवर एक तारीख आणि आधारवर दुसरी असेल तर पॅन-आधार जोडणीच अडकते. ती आधी दुरुस्त करून घ्या, रिटर्नच्या वेळी नको.

निवासाबद्दलही गैरसमज आहेत. मुलाकडे अमेरिकेत किंवा दुबईला सात महिने राहून आले म्हणून कोणी लगेच अनिवासी होत नाही. वर्षात १८२ दिवस भारतात असाल तर निवासी आहातच. तेवढे नसाल पण ६० दिवस तरी भारतात होतात आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस होतात, तरी इथे राहणारा, फक्त फिरायला गेलेला माणूस साधारणपणे निवासीच राहतो. पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून दिवस मोजा. खरोखर अनिवासी असाल तर मात्र ८०टीटीबी नाही, ज्येष्ठांची वाढीव करमुक्त मर्यादा नाही आणि व्याजावर कर कापू नका असे सांगणारा १५एच फॉर्मही बँकेत देता येत नाही.

प्रत्यक्ष भरताना

पॅन क्रमांकाने लॉगिन करा. 'ई-फाइल', मग 'इन्कम टॅक्स रिटर्न्स', मग 'फाइल इन्कम टॅक्स रिटर्न'. करनिर्धारण वर्ष निवडताना पहिली चूक होते: २०२५-२६ हे आर्थिक वर्ष असेल तर करनिर्धारण वर्ष २०२६-२७. ऑनलाइन पद्धत निवडा. पेन्शन, घर आणि व्याज एवढेच असेल तर आयटीआर-१. शेतीचे उत्पन्न वर्षाला ५,००० च्या वर असेल तर आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ घ्यावा लागतो. गावाकडे जमीन असलेल्या निवृत्त शिक्षकांच्या, तलाठ्यांच्या रिटर्नमध्ये हे हमखास राहून जाते. वर सांगितलेल्या आजींचा नफा १,२५,००० च्या पुढे असल्याने त्यांनाही आयटीआर-२ च.

पहिल्याच भागात, वैयक्तिक माहितीत, करप्रणालीचा प्रश्न आहे. आमच्या मते या पोर्टलवरचे हे सर्वांत वाईट वाक्य. कलम ११५बीएसी(६) खाली नव्या प्रणालीतून बाहेर पडायचे आहे का, असे ते विचारते, आणि उत्तर आधीपासून 'नो' असते. जुनी प्रणाली हवी असेल तर 'येस' म्हणायचे. "नवी प्रणाली हवी का?" असा सरळ प्रश्न समजून लोक 'नो' ठेवतात, पुढे वजावटींच्या पानावर ८०टीटीबी घेता येत नाही आणि पोर्टल बिघडले असे वाटते. पोर्टल ठीक असते. वजावट घेता येत नसेल तर आधी मागे जाऊन हे उत्तर पाहा.

ही निवड मुदतीच्या आतच चालते. आयटीआर-१ आणि २ साठी मुदत ३१ जुलै. एक दिवस उशीर झाला तरी रिटर्न भरता येते, पण जुनी प्रणाली निवडता येत नाही, म्हणजे वजावटी गेल्या. व्यवसायाचे उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना, म्हणजे अजून दुकान, क्लास किंवा दवाखाना चालवणाऱ्यांना, फक्त टिकमार्क पुरत नाही. त्यांना मुदतीच्या आत १०-आयईए हा वेगळा फॉर्म भरावा लागतो.

आता उत्पन्नाचा भाग. 'इन्कम फ्रॉम अदर सोर्सेस' मध्ये व्याजाचे प्रकार यादीतून निवडायचे असतात: बचत खात्याचे व्याज वेगळे, ठेवींचे व्याज वेगळे, आयकर परताव्यावरचे व्याज वेगळे, कुटुंब निवृत्तिवेतन वेगळे. सगळे एकत्र करून 'इतर' मध्ये टाकले की पुढे ८०टीटीबी टाकताना चूक दाखवणारा लाल इशारा येतो, कारण वजावट ही बचत आणि ठेवींच्या व्याजाच्या बेरजेपेक्षा जास्त असू शकत नाही आणि त्या दोन ओळी तर रिकाम्या आहेत. व्याज योग्य ओळीत हलवले की इशारा जातो.

व्याज पूर्ण टाकायचे, ५०,००० वजा करून नाही. कोणी आधीच कमी करून टाकते आणि वजावटीतही पुन्हा ५०,००० लिहिते. मग रिटर्नमधले व्याज खात्याकडच्या माहितीशी जुळत नाही आणि नोटीस येते. तसेच टीडीएस कापून हातात आलेली रक्कम हे व्याज नव्हे. बँकेने ९,००० जमा केले आणि १,००० कापले तर व्याज १०,००० आणि भरलेला कर १,०००.

ठेवींच्या ओळीत एक सापळा आहे. यादीत बँक, पोस्ट आणि सहकारी संस्था असे एकत्र लिहिले आहे. पण ८०टीटीबी बँकिंगचा व्यवसाय करणाऱ्या संस्थेच्या ठेवींनाच आहे. आपल्याकडे गावोगावी पतसंस्था आहेत आणि अनेक ज्येष्ठांचे पैसे तिथेच असतात. पतसंस्थेला बँकिंगचा परवाना नसतो, म्हणून तिचे व्याज या वजावटीत धरू नये. पोर्टल मात्र ते तपासत नाही, रक्कम निमूटपणे घेते. जबाबदारी सही करणाऱ्याची. बँक आणि पोस्टाचे व्याज ५०,००० च्या वर असेल तर प्रश्नच येत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख असतील तर ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० येतात, म्हणजे एका तिमाहीतच मर्यादा भरते. कंपन्यांच्या ठेवी, डिबेंचर, बाँड यांचे व्याजही ८०टीटीबी त बसत नाही.

८०डी ची पाने गेल्या वर्षापासून जास्त कडक झाली आहेत. विमा कंपनीचे नाव आणि पॉलिसी क्रमांक दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हे चांगलेच झाले. आधी कोणीही कितीही आकडा टाकायचे. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने खोट्या वजावटी दाखवून परतावा काढून देणाऱ्या एजंटांवर देशभर छापे घातले, त्यानंतर ही काटेकोरी समजण्यासारखी आहे. "तुमचे दहा-पंधरा हजार परत आणून देतो" म्हणणाऱ्याकडे पासवर्ड देऊ नका. रिटर्न त्याने भरले तरी खोट्या दाव्याचा दंड, जो चुकवलेल्या कराच्या दुप्पट होऊ शकतो, तुमच्या नावावर येतो.

८०डी त तीन ओळी: विम्याचा हप्ता, प्रतिबंधात्मक तपासणी, वैद्यकीय खर्च. तिघांची बेरीज ५०,००० च्या वर जात नाही. तपासणीचे ५,००० त्यातच येतात आणि ते रोखीने दिलेले चालतात. हप्ता आणि औषधपाण्याचा खर्च मात्र चेक, कार्ड, यूपीआय अशाच मार्गाने हवा. मेडिकलवाल्याला दर महिन्याला रोख देत असाल तर ते बिल कितीही खरे असले तरी धरता येत नाही. एवढी एक सवय बदलली तर वर्षाला तीस-चाळीस हजारांची वजावट सहज होते. हप्ता एकरकमी दोन-तीन वर्षांचा भरला असेल तर तो वर्षांच्या संख्येने भागून दरवर्षी तेवढाच. हप्त्याच्या पावतीवरचा जीएसटीही वजावटीत धरता येतो. सप्टेंबर २०२५ च्या २२ तारखेपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, त्यामुळे त्याआधीच्या आणि नंतरच्या पावत्यांत फरक दिसेल, गोंधळू नका. वैद्यकीय खर्चाची ओळ ज्याचा विमा नाही अशाच ज्येष्ठासाठी आहे. आजोबांचा विमा आहे आणि आजींना जुन्या आजारामुळे मिळाला नाही, तर आजोबांचा हप्ता आणि आजींची औषधे दोन्ही ५०,००० च्या आत धरता येतात. आईवडिलांसाठी खर्च करणाऱ्या मुलांना त्यांच्या स्वतःच्या रिटर्नमध्ये आईवडिलांचे वेगळे ५०,००० आहेत. तोच हप्ता बापानेही घेतला आणि मुलानेही घेतला असे होऊ देऊ नका. ज्याच्या खात्यातून पैसे गेले, त्याची वजावट.

८०डीडीबी बद्दल अपेक्षा फार असतात. यादी छोटी आहे: कर्करोग, मूत्रपिंड निकामी होण्याचा दीर्घ आजार, ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व आणणारे पार्किन्सन, स्मृतिभ्रंशासारखे मज्जासंस्थेचे आजार, हिमोफिलिया, थॅलॅसेमिया, पूर्णावस्थेतला एड्स. मधुमेह, रक्तदाब, बायपास यात नाहीत. तज्ज्ञ डॉक्टरचे प्रिस्क्रिप्शन हवे, आजाराचे नाव यादीतून निवडावे लागते आणि विम्यातून मिळालेली रक्कम वजा करावी लागते.

कर न कापणे आणि कर नसणे

१ एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांच्या व्याजावर एका बँकेत वर्षाला १,००,००० पर्यंत टीडीएस कापला जात नाही. आधी ही मर्यादा ५०,००० होती. बदल चांगला, पण त्यातून "लाखापर्यंत व्याज करमुक्त" असा समज पसरला. तसे नाही. वजावट २०१८ पासून ५०,००० वरच थांबली आहे, आणि तिची मर्यादा वाढायला हवी असे आम्हाला ठामपणे वाटते. पाच बँकांत प्रत्येकी ऐंशी हजार व्याज असेल तर कुठेच टीडीएस होत नाही, पण चार लाखांचे उत्पन्न रिटर्नमध्ये दाखवावेच लागते. ते खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात, म्हणजे एआयएसमध्ये, बँकांनी आधीच कळवलेले असते. एआयएसची पीडीएफ उघडायला पासवर्ड म्हणजे छोट्या लिपीतला पॅन आणि लगेच जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष. रिटर्न भरण्याआधी बँकांच्या व्याज प्रमाणपत्रांशी ते ताडून पाहा. संयुक्त एफडीचे व्याज पहिल्या नावावर दिसते. एखादी नोंद आपली नसेल किंवा दोनदा आली असेल तर एआयएसमध्येच त्या ओळीवर प्रतिसाद नोंदवता येतो. ही सोय खरोखर चांगली आहे.

१५एच फॉर्म हा वजावटीचा दावा नव्हे. "माझ्या एकूण उत्पन्नावर कर शून्य येतो, म्हणून कापू नका" एवढे त्यात सांगायचे असते. ८७ए च्या सवलतीनंतर कर शून्य होत असेल तरी तो देता येतो. प्रत्येक बँकेत आणि पोस्टात वेगळा, वर्षाच्या सुरुवातीलाच. ऑगस्टमध्ये दिलात तर आधी कापलेले पैसे बँक परत देत नाही, ते रिटर्नमधूनच मागावे लागतात. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू झाला असून कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा चालू वर्षासाठी बँक देईल तो नवा फॉर्म भरा. २०२५-२६ चे रिटर्न मात्र १९६१ च्या कायद्याप्रमाणे, जुन्याच कलम क्रमांकांनी.

पोर्टल कोणासाठी नाही

पोर्टलचा सगळा डोलारा ओटीपीवर उभा आहे. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक बंद पडला असेल तर रिटर्न भरून तयार असूनही पडताळणी होत नाही. भरल्यापासून ३० दिवसांत पडताळणी झाली नाही तर रिटर्न मुदतीत भरले असे धरले जात नाही, आणि जुनी प्रणाली हातची जाते. नेट बँकिंगमधून किंवा आधी पडताळलेल्या बँक खात्यातून कोड घेता येतो. तेही नसेल तर आयटीआर-व्ही, म्हणजे रिटर्नची पडताळणीची पावती, छापून, निळ्या शाईने सही करून, बेंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राला स्पीड पोस्टने पाठवा. तेही त्याच ३० दिवसांत. मुलाचा मोबाइल क्रमांक टाकायचा असेल तर तो फक्त पोर्टलवरच्या संपर्कासाठी टाकता येतो. आधारचा ओटीपी आधारशी जोडलेल्या क्रमांकावरच येतो. ज्येष्ठांच्या घरी सर्वांत जास्त वेळ इथेच जातो, म्हणून जूनमध्येच आधार केंद्रात जाऊन क्रमांक नवा करून घ्या.

ऐंशीपुढच्यांना आयटीआर-१ किंवा ४ कागदावर भरून आयकर कार्यालयात देण्याची मुभा अजून आहे. पंचाहत्तरीपुढच्यांसाठी कलम १९४पी आहे: पेन्शन आणि व्याज एकाच निर्दिष्ट बँकेतून येत असेल आणि दुसरे काहीच उत्पन्न नसेल, तर बँकेला १२बीबीए फॉर्म द्यायचा, बँकच वजावटी धरून कर कापते आणि रिटर्न भरावे लागत नाही. ऐकायला छान, पण पोस्टात एक ज्येष्ठ नागरिक बचत योजना किंवा शेअरचा चारशे रुपयांचा लाभांश असला तरी यातून बाहेर. प्रत्यक्षात फार थोड्यांना बसणारी सोय आहे.

व्यवसाय नसलेल्या ज्येष्ठांना आगाऊ कर भरावा लागत नाही, हे मात्र बिनशर्त मान्य करण्यासारखे. उरलेला कर रिटर्न भरण्याच्या आधी 'ई-पे टॅक्स' मधून एकदाच भरायचा.

रिटर्न भरून झाल्यावर पावती, व्याज प्रमाणपत्रे, हप्त्यांच्या पावत्या आणि औषधांची बिले निदान सहा वर्षे एका फाइलीत ठेवा. रिटर्नला काहीच जोडायचे नसते, म्हणूनच विचारणा झाली तर दाखवायला हवेत. प्रक्रिया झाली की कलम १४३(१) ची सूचना मेलवर येते, तिचा पासवर्डही एआयएसचाच. तिच्यात दोन स्तंभ असतात, एक तुम्ही भरलेला आणि एक खात्याने मोजलेला. ८०टीटीबी च्या ओळीत दोन्हीकडे ५०,००० आहेत का ते पाहा. उजवीकडे शून्य असेल तर बहुतेक वेळा करप्रणालीचे उत्तर, उशीर किंवा व्याज चुकीच्या ओळीत जाणे, यांपैकी एक कारण निघते. रिटर्न मुदतीत आणि बरोबर असेल तर 'सर्व्हिसेस' मधल्या 'रेक्टिफिकेशन' मधून दुरुस्ती मागा. अडल्यास कामाच्या दिवशी १८०० १०३ ००२५ किंवा १८०० ४१९ ००२५ वर फोन करा, आणि फोन करताना पॅन आणि रिटर्नचा पोचक्रमांक समोर ठेवा.